थंडीची लाट आली तर

२०१८च्या डिसेंबरात निफाडला पारा २ अंशांच्या खाली उतरला. पानांवरचं दंव गोठलं. अशा थंडीत द्राक्षाचे मणी तडकतात, भाजीपाला करपतो. मग काय करायचं? रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की सावध व्हा. पहाटे पिकाला विहिरीचं पाणी द्या. ते हवेपेक्षा ऊबदार असतं. बांधावर पालापाचोळा धुमसत ठेवा. गोठ्याला तट्टे बांधा, वासरांच्या पाठीवर गोणपाट घाला.
आणि एक विसरू नका. दारं-खिडक्या लावून, शेगडी पेटती ठेवून निजू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. पीक पुन्हा घेता येईल. गेलेलं माणूस परत येत नाही.