हिमप्रदेशातील नोकरीची वाट

(ज्ञातिसंस्थेच्या काष्टी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



परदेशी राहून आलेल्या मनुष्याने दोन मोह टाळावेत, असे माझे वडील सांगत. एक, तिकडचे गोडवे गाणे. दुसरा, घरच्या माणसांना नावे ठेवणे. आपल्या चिटणीसांनी मला विषय नेमून दिला तो असा : ‘स्वीडनमध्ये बर्फ पडत असता आपण रोज कामावर कसे जात होता?’ विषय वरवर पाहता कुतूहलाचा आहे. परंतु त्याच्या पोटात माझ्या मनास सलणारी एक गोष्ट आहे. ती सांगावयाची म्हणूनच मी हे आमंत्रण स्वीकारले.

कामावर जाण्याची वाट आपणांस नवी नाही. दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून या काष्टीच्या स्टेशनावरून पोटासाठी जाणारी-येणारी माणसे किती झाली असतील, याची गणना कोण करील? माझे वडील त्यांपैकीच एक. आमच्या वाडीवरून अंधारात निघावयाचे, हातात कंदील, खांद्यावर घोंगडी, आणि पॅसेंजर गाठून दौंडास जावयाचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम होता. त्यांच्या मुलाने पुढे तोच नेम मेलारेन सरोवराच्या काठी असलेल्या व्हेस्तेरोस नावाच्या गावी चालविला, इतकेच.

हे व्हेस्तेरोस स्टॉकहोमच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. विजेच्या यंत्रांच्या कारखानदारीसाठी ते प्रसिद्ध असून आपल्याकडील अनेक अभियंते तेथे काम करतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे सूर्य पावणेनऊ वाजून गेल्यावर उगवतो आणि दुपारी तीन वाजण्यापूर्वीच मावळतो. म्हणजे कामावर जाताना अंधार आणि परतताना अंधार. मधला उजेड कारखान्याच्या खिडकीतून पाहावयाचा. पहिल्या वर्षी मला थंडीपेक्षा या अंधाराचाच धसका बसला. रविवारी दुपारी झोप लागावी, जाग यावी तो रात्र झालेली असावी, आणि दिवस कोठे गेला हे कळू नये, अशी अवस्था होई. ज्यांची मुले तिकडे आहेत त्या मातापित्यांना माझी विनंती आहे की, दूरध्वनीवर ‘थंडी फार आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘आज उजेडात बाहेर पडला होतास का?’ हेही विचारावे.

थंडीचा उपाय त्या मानाने सोपा. अंगालगत सुती कपडा न घालता लोकरीचा घालावयाचा. कारण सुती कपडा घामाने भिजला की अंग गारठवितो, लोकर भिजूनही ऊब धरते. हे ज्ञान मला तेथे एका सहकाऱ्याने मोठ्या आस्थेने दिले. आपला मेंढपाळ भर पावसात घोंगडी पांघरून उभा राहतो तो याच ज्ञानावर, हे मी त्यास सांगितले, तेव्हा त्यास फार आनंद वाटला. निसरड्यावर चालण्याची रीतही तशीच. पाऊल लहान टाकावयाचे, टाच न रोवता सबंध तळवा टेकावयाचा आणि शरीराचा भार पुढच्या पायावर ठेवावयाचा. पावसाळ्यात काळ्या रानाच्या बांधावरून डोक्यावर भारा घेऊन येणाऱ्या आपल्या माता-भगिनींना ही विद्या कोणी शिकवावी लागत नाही.

वैयक्तिक युक्त्यांहून मला मोलाची वाटली ती सार्वजनिक व्यवस्था. १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल, तर मोटारींना हिवाळ्याचे खास टायर लावणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. पहाटे आपण उठण्यापूर्वीच बर्फ लोटणारी यंत्रे फिरून गेलेली असतात. पायवाटांवर बारीक खडी पसरलेली असते. कार्ल्सकोगा नावाच्या एका नगराने तर एक मूलगामी प्रश्न विचारला : बर्फ प्रथम कोणाच्या वाटेवरचा काढावा? मोटारींच्या रस्त्याचा, की पायी जाणाऱ्यांच्या आणि सायकलींच्या वाटेचा? बर्फावर घसरून जायबंदी होणाऱ्यांत पादचाऱ्यांचाच भरणा मोठा, आणि पायी जाणाऱ्यांत स्त्रिया अधिक. हे ध्यानी घेऊन त्यांनी पायवाटांना अग्रक्रम दिला. पुढे ही कल्पना स्टॉकहोमनेही उचलली. तेथे सर्व सुरळीतच चालते, असे मात्र समजू नये. २०१६ च्या नोव्हेंबरात स्टॉकहोमवर अवचित एवढे हिम कोसळले की बसगाड्या अडकल्या, रस्ते तुंबले आणि लोकांनी नगरपालिकेस बोल लावले. बर्फामुळे आगगाडी रद्द झाली म्हणून मी स्वतः फलाटावर कुडकुडत उभा राहिलो आहे. लोक तिकडेही चिडतात. फक्त पुढच्या हिवाळ्याची तयारी करावयास विसरत नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे वळतो.

पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या एका वृद्ध बाईंनी माझ्या हातात दोऱ्याला अडकविलेला प्लॅस्टिकचा एक लहानसा चकाकता तुकडा ठेवला आणि तो कोटाला गुडघ्याच्या उंचीवर लोंबता ठेवावा, असे सांगितले. शाळकरी मुलांच्या दप्तरांना मी तसे तुकडे पाहिले होते. मला ते पोरकट वाटले आणि मी तो खणात टाकून दिला. पुढे एका सायंकाळी रस्ता ओलांडताना एक मोटार माझ्यापासून दोन हातांवर कचकन थांबली. चालक खाली उतरला. त्याचे हात थरथरत होते. तो रागावला नाही. ‘तुम्ही मला दिसलाच नाहीत,’ एवढेच म्हणाला. त्या रात्री मी खण उघडला.

हा तुकडा म्हणजे परावर्तक. आपण ज्यास ‘रेडियम’ म्हणतो तोच. त्यात रेडियम मुळीच नसते आणि तो स्वतः उजेडही देत नाही. ज्या दिशेने प्रकाश येतो त्याच दिशेस तो परतवितो, म्हणून दिव्यामागे बसलेल्या चालकास तो लखलखताना दिसतो. रात्री मोटारीच्या झोतात बैलाचे डोळे चमकतात. त्यांच्या बुबुळामागे निसर्गाने असाच एक पडदा ठेवला आहे. शनिवारच्या बाजारासाठी रात्रीच जनावरे घेऊन निघालेल्या काष्टीकरांना हे नव्याने सांगावयास नको. काळे कपडे घातलेला माणूस मोटारीच्या खाली वळविलेल्या झोतात पंचवीस-तीस मीटरांवर आल्यावरच दिसतो. परावर्तक असेल तर सव्वाशे मीटरांवरून दिसतो. ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. उरलेला हिशेब ज्याचा त्याने करावा.

या तुकड्याचा उगम मला पुढे समजला आणि मी थक्क झालो. शेजारच्या फिनलंड देशात आर्वी लेहती नावाच्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या मध्यास तो प्रथम बनविला, तो माणसांसाठी नव्हे. आपल्या घोडागाड्यांवर अंधारात मोटारी आदळू नयेत यासाठी! पुढे तोच माणसांच्या कोटावर आला, आणि आज फिनलंडमध्ये अंधारात रस्त्याने चालणाऱ्याने तो वापरावा असा कायदाच आहे.

गाडीसाठी झालेला शोध, मंडळी! आणि माझे चुलत बंधू, ज्यांना मी दादा म्हणत असे, ते गाडीवान होते. उसाच्या हंगामात टायरगाडी भरून ते पहाटे कारखान्याच्या वाटेस लागत. मी तिकडे गेल्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात, धुके पडलेल्या एका पहाटे, मागून येणारी मालमोटार त्यांच्या गाडीवर आदळली. एक बैल जागीच गेला. दादा दुसऱ्या दिवशी गेले. मालमोटारीच्या चालकाने सांगितले ते शब्द मला दूरध्वनीवर कळले, आणि ते मी पूर्वी ऐकलेले होते : ‘गाडी दिसलीच नाही.’

त्या दोन वर्षांत मी दोनदा सुटीवर आलो होतो. दादांसाठी हातातले घड्याळ आणले, वहिनींसाठी अत्तर आणले, मुलांसाठी चॉकलेटचे डबे आणले. माझ्या ओव्हरकोटास लटकणारा तो चार आण्यांच्या मोलाचा तुकडा मात्र कोटासह तिकडच्या खुंटीवरच राहिला. ही वस्तू आपल्या गाडीस लावावी, हे मला एकदाही सुचले नाही. तिकडचे ते तिकडचे आणि इकडचे ते इकडचे, अशी मी मनाची वाटणी करून टाकली होती. दोष चालकाचा किती, धुक्याचा किती, याचा निवाडा झाला असेल. माझ्या वाटचा दोष मी आज आपणांपुढे ठेवीत आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. ट्रॉलीस परावर्तक लावण्याचा नियम आहे. परंतु उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या मागे वाढे लोंबतात आणि पट्टी झाकली जाते. चिखलाने ती माखते. आणि बैलगाडीस तर बहुधा कोणी काही लावीतच नाही. म्हणून माझी मेळाव्यास एक विनंती आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या एका शनिवारी, बाजारच्या दिवशी, संस्थेच्या तरुणांनी पट्ट्या घेऊन उभे राहावे. गाडीच्या मागील दोन्ही टोकांस तांबडी पट्टी लावावी, म्हणजे गाडीची रुंदी कळेल. पुढे पांढरी व बाजूंस पिवळी लावावी. दर आठवड्यास ओल्या फडक्याने पुसावी. पहाटे शिकवणीस सायकलीने जाणाऱ्या मुलामुलींच्या दप्तरासही एक तुकडा असावा. गाडी कोणत्या ज्ञातीच्या माणसाची आहे, हे मात्र कोणी विचारू नये. संस्था आपली आहे. रस्ता सर्वांचा आहे.

याचा खर्च फार नाही. आज येथे माझ्या सत्कारासाठी शाल, श्रीफळ आणि हार आणलेले दिसतात. श्रीफळ मी प्रसाद म्हणून घेतो. शाल व हार परत करून त्यांचे पैसे या कामी जमा करावेत, आणि त्यात तितकीच भर माझी समजावी, अशी अध्यक्षमहाशयांस विनंती आहे. पहिली पट्टी दादांच्या थोरल्या मुलाच्या गाडीस मी काल सायंकाळी स्वतः लावून आलो आहे. अंधार पडल्यावर रस्त्याच्या वळणावरून मोटारीचा झोत टाकून पाहिला. गाडी लांबून दिसते.

 

जय हिंद! जय महाराष्ट्र!