पत्र पावले काय?

पूर्वीच्या काळी दूरदेशी धाडावयाचे पत्र जासुदाच्या हाती दिले, म्हणजे पाठविणाऱ्याचे काम संपत नसे. खरी काळजी तेथून पुढे सुरू होई. जासूद वाटेत अडला काय, पत्र भलत्याच्याच हाती पडले काय, आणि योग्य हाती पडले तरी ते उघडून वाचले गेले काय, हे पोच आल्यावाचून कळत नसे. जनुकोपचार ही आधुनिक वैद्यकाची विद्या याच काळजीतून गेलेली आहे. तिला जासूद लवकर सापडला. पोच मिळविण्याची कला मात्र तिला सावकाश साधत गेली, आणि ती अजूनही पुरती साधलेली नाही.

जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे घडवावे याची पेशीतील लेखी आज्ञा. त्या आज्ञेत एखादे अक्षर चुकले, तर प्रथिन घडत नाही किंवा वेडेवाकडे घडते. कोणाचे रक्त गोठत नाही, कोणाची दृष्टी बालपणीच मंद होऊ लागते, कोणाच्या शरीरात रोगाशी झुंजण्याची शक्तीच उपजत नाही. अशा रुग्णाच्या पेशींत त्या आज्ञेची शुद्ध प्रत पोचविता आली तर व्याधीच्या मुळालाच हात घालता येईल, ही कल्पना सरळ आहे. अडचण आहे ती दाराशी. परकी आज्ञा पेशी सहजासहजी आत घेत नाही. नुसती सोडलेली प्रत वाटेतच छिन्नभिन्न होऊन जाते.

हे दार उघडण्याची हातोटी निसर्गात एकाच जातीला पूर्णपणे साधलेली आहे, आणि ती जात म्हणजे विषाणू. पेशीत शिरून तेथे स्वतःची आज्ञा चालविणे हाच त्याचा जन्मजात धंदा. शास्त्रज्ञांनी विचार केला, की या घुसखोरालाच नोकरीस का ठेवू नये? त्याच्यातील वाढीची व उपद्रवाची जनुके काढून टाकावीत, रिकाम्या जागी औषधी जनुक ठेवावे आणि मग त्याला रवाना करावे. अशा निःशस्त्र विषाणूला वाहक, इंग्रजी संज्ञेने व्हेक्टर, असे म्हणतात.

हे जासूद नाना प्रकृतींचे आहेत. सर्दीपडशाशी संबंध असलेला अ‍ॅडिनोव्हायरस मोठे ओझे वाहतो; परंतु शरीराचे पहारेकरी त्याला चटकन ओळखतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. त्याच्याच नमुन्यांत १९६५ साली एक लहानसा सोबती आढळला. या अ‍ॅडिनोसंलग्न विषाणूमुळे मनुष्याला कोणता रोग झाल्याचे दिसून आलेले नाही. पण त्याची झोळी फार लहान, सुमारे ४,७०० अक्षरांची. तिसरा लेंटिव्हायरस. या कुळातील एचआयव्हीसारख्या भयंकर विषाणूलाच निःशस्त्र करून वाहक बनविण्यात आले. तो आपला मजकूर पेशीच्या मूळ ग्रंथातच लिहून ठेवतो, त्यामुळे पेशीच्या पुढच्या पिढ्यांनाही तो वारशाने मिळतो.

१४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेतील बेथेस्डा येथे, राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, चार वर्षांच्या एका मुलीवर या पद्धतीचा पहिला मान्यताप्राप्त प्रयोग झाला. तिच्या रक्तातील पेशी बाहेर काढून, वाहक विषाणूच्या द्वारे त्यांत उणे असलेले जनुक घालून, त्या तिला परत देण्यात आल्या. आशा उंचावल्या. पुढील नऊ वर्षांनी त्या आशेवर काळोख पसरला. सप्टेंबर १९९९ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील एका चाचणीत अठरा वर्षांच्या एका तरुणाच्या यकृताकडे जाणाऱ्या रोहिणीत अ‍ॅडिनोव्हायरस वाहक सोडण्यात आला. त्याच्या शरीराने या पाहुण्याविरुद्ध प्रचंड युद्ध पुकारले आणि चौथ्या दिवशी त्याचा अंत झाला. पॅरिसमधील चाचणीने प्रतिकारशक्तीवाचून जन्मलेल्या बालकांना नवे जीवन दिले खरे. पण त्यांपैकी काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला, कारण वाहकाने आपला मजकूर पेशींच्या वाढीवर हुकमत असलेल्या एका जनुकाशेजारी लिहिला होता.

वाहक कोठे गेला हे दिसले असते तर हे अनर्थ टळले असते, असे म्हणणे शास्त्राला सोडून होईल. त्यांची कारणे अधिक गुंतागुंतीची होती. तथापि या घटनांनी एक गोष्ट सर्वांच्या मनावर ठसविली. जिवंत मनुष्याच्या देहात जासूद सोडावयाचा, तर तो कोठे पोचला, किती पोचला, आणि त्याचा शब्द किती दिवस चालला, हे विचारण्याचे साधन वैद्याजवळ असले पाहिजे. प्रत्येक वेळी शरीराचा तुकडा कापून पाहणे हा काही त्यावरील उपाय नव्हे.

हे साधन ज्या विचारातून निघाले तो विचार मोठा चतुर आहे. औषधी जनुकाच्या जोडीला आणखी एक जनुक पाठवावे, आणि त्याला एवढेच काम द्यावे की, पेशीत पोचून कामाला लागताच बाहेर खूण करावी. याला वार्ताहर जनुक म्हणतात. असे काही वार्ताहर मिळाले ते स्वयंप्रकाशी जीवांकडून. जपानी शास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली एका जेलीफिशमधून हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. त्याचे जनुक १९९२ साली डग्लस प्रॅशर यांनी हाती आणून दिले, आणि १९९४ साली मार्टिन चॅल्फी यांनी ते जंतूंत व सूक्ष्म कृमीत घालून त्यांना हिरवे तेज आणले. शिमोमुरा, चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना याबद्दल २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. काजव्याचे जनुकही असेच कामास आले. १९८६ साली ते घातलेले तंबाखूचे रोप योग्य द्रव्य देताच अंधारात उजळून निघाले.

परंतु काजव्याचा दिवा उंदराच्या पातळ देहातून दिसतो, मनुष्याच्या देहातून दिसत नाही. यकृताच्या किंवा मेंदूच्या खोलीतून येणारा तो मंद प्रकाश वाटेतील मांसरक्तातच विरून जातो. तेव्हा दुसऱ्या तऱ्हेचा वार्ताहर शोधावा लागला, आणि गंमत अशी की, तोही एका विषाणूनेच पुरविला. नागीण जातीच्या एका विषाणूत थायमिडीन कायनेज नावाचे एक विकर असते. मनुष्याच्या पेशी ज्या विशिष्ट रेणूंना फारशा शिवत नाहीत, त्या रेणूंना हे विकर पकडते, त्यांवर फॉस्फेटचा शिक्का मारते आणि पेशीतच कोंडून ठेवते. त्या रेणूला अल्पायुषी किरणोत्सारी अणू जोडला, म्हणजे जेथे वार्ताहर जनुक चालू आहे तेथेच किरणोत्सार साचतो आणि पेट यंत्राला तो बाहेरून दिसतो. याच जनुकाची दुसरी करामत अशी की, गॅन्सिक्लोव्हिर हे औषध दिल्यास ते त्याचे विषात रूपांतर करून आपल्याच पेशीला मारते. म्हणजे वार्ता देणारा आणि कर्करोगाच्या पेशीला शिक्षा देणारा एकच!

या चित्रविद्येच्या अग्रणींत डॉ. संजीव गंभीर यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म १९६२ साली अंबाल्याचा. वाढले आणि नावारूपाला आले ते अमेरिकेत. अ‍ॅडिनोव्हायरसने उंदरांच्या यकृतात नेलेले वार्ताहर जनुक पेट यंत्राने पाहता येते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये, म्हणजे त्या दुर्दैवी तरुणाच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध केले. २०२० साली ते कर्करोगानेच निवर्तले.

मनुष्यातील पोच कशी असते याचे नमुनेदार उदाहरण स्पेनमधील पांप्लोना येथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सापडते. यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांना गाठीतच हे जनुक वाहून नेणारा अ‍ॅडिनोव्हायरस टोचण्यात आला आणि मग पेट चित्रे घेण्यात आली. ज्यांना एक लक्ष कोटी किंवा त्याहून अधिक विषाणूकण दिले होते, त्या सर्वांच्या गाठींत खूण दिसली. भोवतालच्या यकृतात व दूरच्या अवयवांत ती दिसली नाही. आणि नऊ दिवसांनी पाहिले, तर गाठींतूनही ती नाहीशी झालेली! कोठे, किती आणि कोठवर, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सुरी न चालविता मिळाली. शेवटचे उत्तर निराशेचे होते. पण तेच सर्वांत मोलाचे होते.

तरीही वार्ताहर जनुक नित्याच्या उपचारात सहसा दिसत नाही. परक्या प्रथिनाने शरीर चिडण्याचा धोका असतो आणि लहान झोळीत दुसऱ्या जनुकाला जागा नसते. म्हणून मनुष्याच्याच अंगचा वार्ताहर शोधण्यात आला. गलग्रंथी रक्तातून आयोडीन ओढून घेते ते एका विशिष्ट प्रथिनामुळे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये गोवराच्या लशीतील विषाणूत त्याचे जनुक बसवून मज्जेच्या कर्करोगाच्या रुग्णांना देण्यात आले, आणि किरणोत्सारी आयोडीन विषाणूचा ठावठिकाणा सांगू लागले. २०१४ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली.

भारतातही हे जासूद आता रुग्णसेवेत रुजू झाले आहेत. पवईच्या आयआयटीत व टाटा स्मारक रुग्णालयात विकसित झालेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार-१९ या उपचारात रुग्णाच्याच लढाऊ पेशींना लेंटिव्हायरस नवे जनुक देतो, आणि त्या पेशी रक्ताच्या काही कर्करोगांवर चालून जातात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पाच हिमोफिलियाग्रस्तांना असाच उपचार देण्यात आला. पाठपुराव्याच्या काळात त्यांचे नित्याचे रक्तस्राव थांबल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या ठिकाणी पोच रक्तच देते. नव्या पेशी मोजता येतात, रक्त गोठविणारा घटक किती वाढला हेही मोजता येते. पण मेंदू, हृदय, स्नायू यांतील उलाढाल रक्ताच्या थेंबात नेहमीच उतरत नाही. तेथे चित्राचीच वाट पाहावी लागते.

चित्र वाचतानाही विवेक सोडता येत नाही. खूण दिसली नाही, म्हणजे जनुक नाहीच असे ठरत नाही. कदाचित यंत्राला दिसण्याइतका त्याचा आवाज मोठा नसेल. खूण दिसली, म्हणजे रुग्ण बरा झाला असेही नव्हे. पत्र पावल्याची वार्ता आणि पत्राप्रमाणे घडल्याची वार्ता यांत अंतर असते. परंतु पोच मागण्याची शिस्त ज्या वैद्यकाने अंगी बाणविली, ते निदान अंधारात पत्रे धाडीत बसत नाही. आपल्या देहाचे दार वैद्यासाठी विश्वासाने उघडणाऱ्या रुग्णाचे एवढे देणे तर शास्त्राने लागतेच.