देश दुसऱ्यांचा, बाजू आपण मांडायची

नेदरलँड्समधल्या हेग शहरात १९६८ पासून शाळकरी मुलांची अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषद भरते.
इथे विद्यार्थी स्वतःच्या देशाचा नव्हे, नेमून दिलेल्या देशाचा प्रतिनिधी असतो.

आधी त्या देशाचे धोरण अभ्यासायचे.
मग समविचारी देश गाठायचे.
त्यांच्याबरोबर बसून ठरावाचा मसुदा पक्का करायचा.

सभागृहात बोलायचे असेल, तर देशाच्या नावाची पाटी उंच धरायची.
अध्यक्षांनी परवानगी दिली, की उभे राहायचे.
‘मी’ म्हणायचे नाही; ‘आमचे शिष्टमंडळ’ म्हणायचे.

पुढे दुरुस्त्या सुचवल्या जातात.
शेवटी मतदान होते.
तेही स्वतःचे मत नव्हे, त्या देशाचे मत.

दुसऱ्याची बाजू समजून घ्यायची आणि प्रामाणिकपणे मांडायची, हेच या परिषदेचे खरे शिक्षण.