शिक्षणाने दिलेले बळ



तरुणांच्या धैर्याचे कौतुक करताना ते धैर्य उपजत असते, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. इतिहासाची साक्ष निराळी आहे. अन्यायाला नकार देणाऱ्या मुलामुलींच्या पाठीशी बहुधा एखादी शाळा आणि वेळेवर उभे राहिलेले एखादे वडीलधारे माणूस आढळते. तीन वेगवेगळ्या काळांतील तीन मुलींची उदाहरणे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

मुक्ता साळवे : १८५५

१८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई त्या वेळी अवघ्या १७ वर्षांच्या होत्या. शाळेत जाता-येता त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकला जाई. तथापि त्यांनी हे कार्य सोडले नाही. पुढील काही वर्षांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलामुलींसाठीही फुले दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळा उघडल्या.

त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील सुमारे १४ वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्या लोकांना जमिनीवरून कसे हुसकावून लावले गेले, आसऱ्यावाचून बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे कसे हाल होत, हे तिने त्यात मांडले. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचाच अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न होता. निबंधाच्या अखेरीस तिने आपल्या बांधवांना विद्येची कास धरण्यास सांगितले. पिढ्यान् पिढ्या मुकाट्याने सोसलेले दुःख तिसऱ्या इयत्तेतल्या एका मुलीने कागदावर उतरविले, ही शाळेची फलश्रुती होय.

रखमाबाई : १८८४ ते १८८८

मुंबईच्या रखमाबाईंचा विवाह त्यांच्या वयाच्या ११ व्या वर्षी झाला. त्या नांदावयास गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या आधाराने माहेरी राहून त्यांनी वाचन व अभ्यास चालू ठेवला. १८८४ साली पतीने त्यांच्यावर दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. पुढे मात्र मार्च १८८७ मध्ये पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा हुकूम झाला. अजाण वयात संमतीवाचून लावलेले लग्न आपणांस बंधनकारक नाही, अशी रखमाबाईंची भूमिका होती. त्यांनी तुरुंगात जाण्याची तयारी दर्शविली. १८८८ साली तडजोड होऊन हे प्रकरण मिटले.

या खटल्याच्या काळात वर्तमानपत्रांत टोपणनावाने पत्रे लिहून रखमाबाईंनी बालविवाहाचे दुष्परिणाम समाजापुढे ठेवले. या प्रकरणाने उठलेल्या वादातून १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला चालना मिळाली. पुढे लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन त्या परत आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी प्रदीर्घ काळ डॉक्टर म्हणून सेवा केली.

रेखा कालिंदी : २००८

तिसरे उदाहरण पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्याचे आहे. विड्या वळणाऱ्या कुटुंबातील रेखा कालिंदी ही मुलगी बालकामगारांसाठी चालविलेल्या विशेष शाळेत शिकत होती. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न ठरू लागले. लहानपणी विवाह झालेल्या थोरल्या बहिणीचे हाल तिने पाहिले होते. तिने लग्नास नकार दिला आणि ही गोष्ट शाळेत सांगितली. शाळा व कामगार खाते तिच्या पाठीशी उभे राहिल्याने तो नकार टिकला. तिच्यामागून त्या भागातील इतर मुलींनीही असेच नकार दिले. २००९ साली तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी तिची भेट घेऊन तिचा गौरव केला.

गावाची जबाबदारी

रखमाबाईंच्या काळी कायदा मुलीच्या विरुद्ध होता. आज तो तिच्या बाजूने आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाप्रमाणे मुलीचे वय १८ व मुलाचे २१ पूर्ण झाल्यावाचून विवाह लावणे हा गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ठरलेला बालविवाह दंडाधिकाऱ्यांच्या मनाई आदेशाने थांबविता येतो. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वीच झालेला होता.

याची कारणे गावाला ठाऊक आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला वयात आलेली मुलगी मागे ठेवण्याची धास्ती वाटते. शिवाय नवरा-बायकोची जोडी झाली की मुकादमाकडून एका कोयत्याची उचल मिळते. अशा घरास केवळ कायदा सांगून भागत नाही, मुलीच्या राहण्याची सुरक्षित सोय दाखवावी लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, त्यामागे हीच जाण होती. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी असलेली हंगामी वसतिगृहे टोळ्या गाव सोडण्यापूर्वीच सुरू झाली, तरच त्यांचा उपयोग होतो.

सातवी-आठवीतील मुलगी सलग काही दिवस शाळेत आली नाही, तर शिक्षकाने तिच्या घरी जावे. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यावर आहे. लग्नपत्रिका छापली जाण्याआधीच त्याच्यापर्यंत खबर पोहोचली पाहिजे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेला असावा. खबर देणाऱ्या मुलीला भावकीचा रोष एकटीने सोसावा लागू नये, यासाठी पंचायत सदस्यांनी तिच्या दारी जाऊन बसावे.

मुक्ताला फुले दांपत्याची शाळा लाभली, रखमाबाईंना वडिलांचे घर लाभले आणि रेखाला शिक्षक लाभले. ज्या मुलीचे लग्न येत्या हंगामाआधी ठरविले जात आहे, तिला आपल्या गावात कोण लाभणार, याचे उत्तर प्रत्येक ग्रामसभेने द्यावयाचे आहे.