कोठी भरली तर जमीन राहील
(खळ्यांच्या दिवसांत पाड्यांवरच्या बैठकांत संघटनेच्या वतीने केलेलं भाषण)



भात झोडून झालं. घरात दाणा आलाय. म्हणूनच आज आषाढ-श्रावणाचं बोलायचं. भूक लागल्यावर हे बोलून उपयोग नाही. तेव्हा द्यायला कुणाकडेच काही नसतं.

पावसाळ्यात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. आवणी सरते, तशी कणगीही सरते. रोजगार हमीची खडी-मातीची कामं बंद. ओढ्याला पूर, रेशनचं दुकान पलीकडे. कडूकांदा चिरून उकडायचा, रातभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, मग खायचा. आंबील रोज थोडी पातळ करायची. त्यात कुणी बाई बाळंत झाली, कुणी तापाने पडला, की माणूस सावकाराच्या ओटीवर जातो. ४ पायल्या आणतो, खळ्यावर ६ मोजतो. नाही जमलं तर पुढच्या साली ९. मग गवत देतो, बैल देतो, शेवटी म्हणतो, "शेत तूच कर."

१९७४ चा कायदा सांगतो, कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घेता येत नाही. पण तोंडी गहाण कुठल्या कागदावर दिसतं? सातबाऱ्यावर नाव आपलं, भात दुसऱ्याच्या घरात! जमिनीसाठी आपण मोर्चे काढले, जेलात गेलो. ती जमीन ४ पायल्यांपायी जाऊ द्यायची?

म्हणून पाड्याची धान्यकोठी. हिशोब सोपा आहे. समजा ४० घरांचा पाडा. घरटी ४ पायल्या, झाल्या १६०. ज्याला अडचण, त्याने न्यावं, खळ्यावर सवाईने परत करावं. ४ नेल्या तर ५. सगळं धान्य फिरून आलं, तर १६० च्या २०० होतात. वरची पायली सावकाराच्या घरात जात नाही, आपल्याच कोठीत राहते. ज्याच्याकडे ४ नाहीत त्याने १ घालावी. ज्याच्याकडे तीही नाही त्याने कणगी विणून द्यावी.

नियम मात्र पक्के हवेत. कोठी पुढाऱ्याच्या घरात नको. किल्ली दोन बायांकडे, दोन वेगळ्या घरांतल्या. मोजणी सगळ्यांसमोर, एकाच पायलीने. घेताना भरलेली आणि देताना चापून, असं चालायचं नाही. आधी बाळंतीण, आजारी, विधवा, म्हातारी माणसं, मग बाकीचे. ज्याच्या घरात दाणा आहे त्याने हात लावायचा नाही, मग तो संघटनेचा कार्यकर्ता का असेना. ज्याचं पीकच बुडालं त्याच्यामागे तगादा नको. बैठकीने पुढची साल द्यावी. भाताबरोबर नागली जरूर ठेवा. नागलीला कीड लागत नाही, ती सालोसाल टिकते. कणगी शेणाने सारवा, जमिनीपासून उंच ठेवा.

काही जण म्हणतील, कोठी झाली की सरकार हात झटकेल. तसं होऊ द्यायचं नाही. कोठी काही रेशनचा बदला नाही. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने, काम मागितल्यावर १५ दिवसांत काम द्यायला हवं, नाहीतर बेकारभत्ता. अर्ज द्यायचा, पोच घ्यायचीच. खावटीही मागायची. पण कचेरीवर चार दिवस बसायचं तर घरी पोरांना खायला हवं. उपाशी माणसाला लवकर उठवता येतं, हे समोरच्याला माहीत आहे. कोठी असली तर आपण बसून राहू.

आणि हे दान नाही. आवणीला आपण एकमेकांच्या शेतावर जातो, ते काय दान असतं? आज माझं घर, उद्या तुझं.

तेव्हा आज उठण्याआधी तीन गोष्टी ठरवा: कोठी कुणाच्या ओटीवर, किल्ली कोणाकडे, मोजणी कोणत्या दिवशी. बाजाराच्या दिवशी भात विकायला निघण्याआधी कोठीचा वाटा बाजूला काढा.

जिंदाबाद!