आलेखाची मांडणी पूर्ववत् कशी करावी



महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकणारें मूल ज्यांच्या घरीं आहे, त्यांच्या कानांवर 'आर' हें नांव कधींतरी पडलें असेल. इंग्रजी वर्णमालेंतील एका अक्षराचें नांव धारण करणारी ही संगणकाची आज्ञावली न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन या दोन अध्यापकांनीं रचिली. तिची १.०.० ही आवृत्ति २००० सालच्या फेब्रुवारीच्या २९ तारखेस प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य मिळते. तिच्या एकाच अंगाविषयीं आज बोलावयाचें आहे : आलेखाची मांडणी एकदां बदलली म्हणजे ती पूर्ववत् कशी करावी, आणि तसें करणें अगत्याचें कां आहे.

या आज्ञावलीबरोबर सरावासाठीं कांहीं तक्ते येतात. त्यांपैकीं एकांत न्यूयॉर्क शहराच्या १९७३ सालच्या मे ते सप्टेंबर अशा १५३ दिवसांच्या नोंदी आहेत : ओझोन वायु, सूर्याचें प्रारण, वारा आणि उष्णतामान. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला या चारी गोष्टींचे आलेख एकाच पानावर हवे आहेत. तो 'पार' नांवाची आज्ञा देऊन पानाचे आडवे दोन व उभे दोन असे चार भाग पाडतो. त्याला तूर्त केवळ रेषांचा चढउतार पाहावयाचा असतो, म्हणून भोंवतालचा समासही तो शून्यावर आणतो. चारी चित्रें हवीं तशीं उमटतात. मग तो एकट्या उष्णतामानाचा मोठा आलेख काढावयास जातो, तों काय! आलेख पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यांत चिमुकला होऊन बसलेला, आणि अक्षांवरील आंकडे पार नाहींसे झालेले.

यांत संगणकाचें कांहीं बिघडलेलें नसतें. 'पार'नें दिलेला हुकूम एका चित्रापुरता नसून, तो चित्रफलक उघडा असेपर्यंत त्यावरील पुढच्या प्रत्येक चित्राला लागू राहतो. दोन-दोनची विभागणी करतांच अक्षरांचा आकारही आपोआप ०.८३ पट होतो. मूळ मांडणींत खालीं ५.१, डावीकडे ४.१, वर ४.१ व उजवीकडे २.१ ओळींचा समास असतो. अक्षांवरील आंकडे या समासांतच लिहिले जातात. समास गेला कीं तेही गेले.

ही केवळ शोभेची बाब नव्हे. त्या तक्त्यांतील उष्णतामान फॅरनहाइट अंशांत असून तें ५६ पासून ९७ पर्यंत जातें. अक्षावर ९० चा आंकडा दिसला, तर हें सेल्सियस नव्हे, इतकें कोणीही सुज्ञ वाचक ताडील. आंकडेच नसले तर उरते ती एक वर-खालीं जाणारी रेघ. तिच्यावरून कडाक्याची थंडी सांगा कीं असह्य उकाडा सांगा, ती बिचारी प्रतिवाद करीत नाहीं.

आतां उपाय. पहिला व सर्वांत चांगला उपाय बदल करतेवेळींच योजावयाचा असतो. 'पार'नें एखादी गोष्ट बदलली कीं ती आज्ञा त्या गोष्टीचें जुनें मूल्य परत देते. तें एखाद्या नांवाखालीं जपून ठेवावें आणि काम आटोपतांच तेंच पुन्हां 'पार'च्या स्वाधीन करावें. दुसरा उपाय, आरंभींच सर्व मांडणी टिपून ठेवण्याचा. मात्र तींतील कांहीं मूल्यें केवळ वाचावयाचीं असतात, बदलावयाचीं नसतात. तीं वगळण्यासाठीं 'नो रीडओन्ली' ही अट घालावी. जुनें कांहींच जपलें नसेल, तर तिसरा उपाय 'डेव्ह ऑफ'चा : चित्रफलकच बंद करावा. नवा फलक मूळ मांडणी घेऊन उघडतो. परंतु पडद्यावरचें चित्र त्याबरोबर जातें, म्हणून तें आधीं साठवावें. मूळ नोंदींना यांपैकीं कोणत्याही उपायानें धक्का लागत नाहीं.

रंगांची गोष्ट वेगळी आहे. 'आर'मध्यें रंगांना क्रमांक असतात, आणि कोणत्या क्रमांकाला कोणता रंग हें 'पॅलेट' ठरवितें. तें फलक मिटल्यानेंही बदलत नाहीं. त्याला 'डीफॉल्ट' असें स्वतंत्रपणें सांगावें लागतें. हें विसरलें, तर कालच्या आलेखांत मुलींसाठीं असलेला रंग आजच्या आलेखांत मुलांकडे जावयाचा!

दुसऱ्यांनीं वापरावयाची आज्ञा जो लिहितो, त्याची जबाबदारी अधिक. त्यानें 'ऑन एक्झिट' ही सोय अवश्य वापरावी. काम मध्येंच चुकून थांबलें, तरी तिच्या योगानें मांडणी पूर्ववत् होते. शाळेंत तास संपला कीं फळा पुसून वर्गाबाहेर पडण्याची शिक्षकांची रीत आहे. भूगोलाच्या शिक्षकांनीं काढलेल्या नकाशावरच गणिताच्या शिक्षकांनीं समीकरण लिहिलें, तर मुलांनीं काय वाचावें? आपल्यामागून त्याच फलकावर दुसरें कोणी लिहिणार आहे, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.