राखणीचा कुत्रा वयात येताना
(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



आज मी पिकावर बोलणार नाही. गेल्या हंगामात हरभऱ्यावरील घाटेअळीसंबंधी एका गावी बैठक होती. बैठक आटोपली, चहा झाला, आणि एक शेतकरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, अळीचं कळलं. पण आमचं कुत्रं बिघडलंय, त्याला काय करावं?" त्यांनी लातूरकडून कारवानी जातीचे पिल्लू आणले होते. पहिले काही महिने गुणी निघाले. हाक मारली की धावत येई, लेकरांच्या अंगाखांद्यावर खेळे. अकराव्या महिन्यात मात्र ते हाक ऐकेना, करडांच्या मागे लागू लागले, आणि आदल्या आठवड्यात त्याच्या थाळीला हात लावला तर मालकावरच गुरगुरले. "हायवेला नेऊन सोडावं म्हणतो," असे ते म्हणाले.

मी कृषी पदवीधर आहे, पशुवैद्यक नव्हे. पण अशाच एका कुत्र्याचे आमच्या घरी काय झाले ते मी विसरलेलो नाही. म्हणून पशुवैद्यकांना विचारून मी हा विषय समजून घेतला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट वयाची. कारवानी, मुधोळ, पश्मी, अल्सेशियन ही मोठ्या हाडापेराची कुत्री. दहा-अकरा महिन्यांत ती उंचीने जवळपास पुरी होतात, आणि आपण समजतो कुत्रा मोठा झाला. पण अंगाने वाढला तरी डोक्याने तो अजून पोरच असतो. लहान चणीची कुत्री वर्षभरात सावरतात. मोठ्या जातीला दीड ते दोन वर्षे लागतात. या मधल्या काळात नर पाय वर करून जागोजाग मुतू लागतो, माजावरच्या कुत्रीचा वास लागला की शिवार ओलांडून जातो, कालपर्यंत ज्या कुत्र्याबरोबर खेळला त्याच्याशीच भांडतो. शिकवलेले विसरल्यासारखे करतो. २०२० साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी याची तपासणी प्रसिद्ध केली. पाच महिन्यांची कुत्री मालकाच्या हुकमावर बसत होती, तीच आठ महिन्यांची झाल्यावर मालकाचे कमी ऐकू लागली. गंमत अशी की परक्या माणसाचे मात्र ऐकत होती! वर्षाची झाल्यावर बहुतेक कुत्री पुन्हा ताळ्यावर आली. घरात वयात आलेला मुलगा ज्यांना आहे, त्यांना हे फोडून सांगायला नको.

आपण खोंडाला पहिल्यांदा औताला धरतो तेव्हा तो आडवा जातो, बसकण मारतो. म्हणून कोणी त्याला बिघडला म्हणत नाही. शेजारी जुना बैल जुंपतो आणि दोन तास चालवून सोडतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपल्याला तेवढा धीर निघत नाही.

करडांचे म्हणाल, तर कारवानी हा नजरेने शिकार करणारा कुत्रा. पळणारी वस्तू दिसली की मागे लागणे त्याच्या रक्तात आहे, आणि ती ओढ नेमकी याच वयात जोर धरते. त्याला ससा आणि करडू यांतला फरक आपण शिकवावा लागतो. (सशामागे मुद्दाम सोडणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे.) तेव्हा या वयात शेळ्या सुटलेल्या असताना कुत्रा मोकळा ठेवू नये. गळ्यात पट्टा, त्याला दहा-पंधरा हात लांब दोरी, दोरीचे टोक आपल्या हातात, अशा रीतीने त्याला कळपाजवळून रोज फिरवावे. करडाकडे पाहून परत आपल्याकडे पाहिले की भाकरीचा तुकडा द्यावा. पाच-दहा मिनिटे पुरेत. एकदा जरी करडू तोंडात सापडले, तर ती सवय मोडणे फार कठीण जाते.

आता गुरगुरण्याकडे वळतो.

मी कृषी महाविद्यालयात शिकत असताना आमच्या वस्तीवर राजा नावाचा कुत्रा होता. वर्षाचा होता होता तो थाळीपाशी गुरगुरू लागला. वडिलांनी काठी घेतली. जितक्या वेळा गुरगुरला तितक्या वेळा मार खाल्ला. पंधरा दिवसांत राजा गप्प झाला. शेजारीपाजारी म्हणाले, वठणीवर आला. मीही सुट्टीत आलो तेव्हा तेच म्हणालो. पुढे दोन महिन्यांनी माझा चार वर्षांचा पुतण्या त्याच्या थाळीवर वाकला. राजाने आवाज केला नाही, दात दाखवले नाहीत, सरळ गालाला चावला. मुलाला सगळी इंजेक्शने दिली. तो बरा आहे, गालावर वण आहे. वडिलांनी राजाला टेंपोत घालून बाजारच्या गावी सोडले. चौथ्या दिवशी पहाटे तो वस्तीवर परत आला, पायाचे तळवे फुटलेले. नंतर त्याला सोडण्याचे कोणाच्या मनाला आले नाही, आणि मोकळे ठेवण्याचे धैर्यही झाले नाही. उरलेले आयुष्य त्याने साखळीवर काढले.

पशुवैद्यकांनी मला नंतर सांगितले की गुरगुरणे ही कुत्र्याची सूचना असते. काठीने सूचना बंद होते, पण ज्या भीतीपोटी तो गुरगुरतो ती आत तशीच राहते. कुत्रा गुरगुरला तर मागे व्हा आणि कारण शोधा. थाळीपाशीच गुरगुरत असेल, तर जेवताना त्याच्याजवळ मुलांना फिरकू देऊ नका. मोठ्या माणसाने रोज चार पावलांवरून त्याच्या थाळीत अंड्याचा किंवा भाकरीचा चांगला तुकडा टाकावा आणि निघून जावे. जवळ येणारा माणूस काढून घेत नाही, देतो, असे त्याला काही आठवड्यांत कळते. आणि हाकेला येणाऱ्या कुत्र्याला कधीही मारू नका. त्याने आधी काय केले हे तो विसरलेला असतो. हाकेला गेलो आणि मार बसला, एवढेच त्याच्या ध्यानात राहते.

कधी कारण अंगात असते. मोठ्या जातीत पाच महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत लांब हाडांत दुखणे उद्भवते. आज एक पाय लंगडतो, पंधरवड्याने दुसरा. काहींचे खुब्याचे सांधे नीट बसलेले नसतात. असा कुत्रा उठायला कुरकुरतो, मुलाने पाठीवर हात टाकला की अंगावर येतो, आणि आपण त्याला रागीट ठरवतो. त्याला दवाखान्यात न्या. वाढत्या कुत्र्याला मोटारसायकलमागे डांबरी रस्त्यावर पळवू नका. "हाडं मजबूत होतील" म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या आपल्या मनाने पाजू नका. मोठ्या जातीच्या पिल्लांत जादा कॅल्शियमने हाडे उलट बिघडतात.

कधी निव्वळ भीती असते. सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान ओळखीच्या वस्तूलाही कुत्रा बुजतो. फवारणीचा पंप पाठीवर आणि तोंडाला फडके बांधलेला मालक पाहून घरचाच कुत्रा भुंकत सुटल्याचे मी पाहिले आहे. अशा वेळी ओढून जवळ नेऊ नये. फडके काढून हाक मारावी, पंप जमिनीवर ठेवून लांबून दाखवावा.

कुत्रीचे थोडे वेगळे. मोठ्या जातीत पहिला माज नऊ महिने ते दीड-दोन वर्षांत केव्हाही येतो व सुमारे तीन आठवडे टिकतो. माजानंतर दोनेक महिन्यांनी ती गाभण नसतानाही खड्डा उकरते, सडांत दूध येते, जुने पायताण पिल्लासारखे जपते. तेव्हा ती चिडखोर होते. बहुधा काही आठवड्यांत आपोआप निवळते. नसबंदी करून घेणे चांगले, पण मोठ्या जातीत हाडांची वाढ पुरी झाल्यावर, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावी. त्याने भटकणे कमी होते. भित्रा कुत्रा मात्र त्याने धीट होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. वयाचा बदल हळूहळू येतो, आठवड्या-महिन्यांनी. एक-दोन दिवसांत कुत्रा ओळखू न येण्याइतका बदलला, कारण नसता चावू लागला, माती-लाकडे खाऊ लागला, आवाज घोगरा झाला, जबडा लोंबून लाळ गळू लागली किंवा अंधारात जाऊन पडू लागला, तर ती पिसाळल्याची खूण समजा. हात लावू नका, तोंडात हात घालून काही अडकले का ते पाहू नका. लांबूनच दार बंद करा आणि पशुवैद्यकाला कळवा. (फवारणीचे औषध पोटात गेले तरी लाळ गळते, अंग थरथरते. तेही पशुवैद्यकच ठरवील.) कुत्रा चावला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि लशीची सर्व इंजेक्शने पुरी करा. रोग माणसात एकदा दिसू लागला की त्यावर उपाय नाही. कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर लस टोचा आणि पुढे दरवर्षी न चुकता टोचून घ्या.

एक शब्द साखळीबद्दल. पळण्यासाठी घडलेला कुत्रा दिवसभर बांधला तर तो चिडणारच. १९६० च्या कायद्याप्रमाणे कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवणे ही मालकाची जबाबदारी आहे. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास पडीक रानात लांब दोरीवर फिरवा.

त्या शेतकऱ्यांना मी हेच सांगितले होते. महिनाभराने त्यांचा फोन आला. कुत्र्याला तपासून आणले होते, लसही टोचली होती. हाक दहांतून सहा वेळा ऐकतो म्हणाले. थाळीपाशी गुरगुरणे कमी आहे, बंद नाही. दोरी सोडू का, असे विचारत होते. मी म्हटले, शेळ्या वितात तोवर तरी सोडू नका.